नव्याण्णव आणि एक

योहानकृत शुभवर्तमानात प्रमुख याजक कयफा याने न्यायसभेला दिलेला एक सल्ला आपण उपवासकाळाच्या अखेरीस दरवर्षी ऐकतो. सारी प्रजा संकटात लोटण्यापेक्षा एक माणूस गेलेला परवडला, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ आहे. कयफाला दुष्ट ठरवून आपण मोकळे होतो. परंतु तो प्रसंग शांतपणे वाचला, तर कयफा हा क्रोधाने आंधळा झालेला माणूस वाटत नाही. डोक्यावर रोमन सत्तेची तलवार आहे, प्रजा अस्वस्थ आहे, आणि हजारोंच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्या खांद्यावर आहे, अशी जाणीव असलेला तो एक व्यवहारकुशल पुढारी आहे. त्याने एक वजाबाकी केली आणि उत्तर सभेपुढे मांडले. ती वजाबाकी गणिताच्या दृष्टीने चुकलेली नाही, हीच तर आपली खरी अडचण आहे.

याच्या अगदी उलट हिशेब लूककृत शुभवर्तमानातील मेंढपाळाचा आहे. शंभरांतील एक मेंढरू हरवताच तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. गुरे राखणाऱ्या कोणत्याही जाणत्या माणसाला हे वागणे शहाणपणाचे वाटणार नाही. तरीही प्रभू येशूने देवाचे अंतःकरण समजावून सांगण्यासाठी नेमका हाच दाखला निवडला.

एका बाजूला कयफाचा हिशेब, दुसऱ्या बाजूला मेंढपाळाचा. प्रवचनात दुसरा हिशेब आपल्याला मनापासून पटतो. परंतु कुटुंबावर, गावावर किंवा देशावर संकट आले की हात नकळत पहिल्या वहीकडे वळतो. पुष्कळांच्या भल्यासाठी एकाला देऊन टाकणे कधी योग्य ठरते काय? हा प्रश्न हवेत ठेवून चर्चा करण्यापेक्षा तो जेथे खरोखर माणसांच्या दारात येऊन उभा राहिला, अशा एका बेटाची हकिगत आपण पाहू. तेथील माणसे आपल्यासारखीच होती. त्यांच्या घरांत क्रूस होता, गावात चर्च होते आणि सणावारी मिस्साला जाण्याची रीत होती.

बेट आणि त्यावरील माणसे

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात मारियाना नावाची द्वीपमाला आहे. तिच्यातील सर्वांत दक्षिणेचे व सर्वांत मोठे बेट म्हणजे ग्वाम. त्याची लांबी सुमारे ४८ किलोमीटर आहे. येथील मूळ रहिवाशांना चामोरो म्हणतात. १६६८ साली येशूसंघीय धर्मगुरू दिएगो लुईस दे सान व्हितोरेस यांनी येथे धर्मकार्य सुरू केले आणि १६७२ साली येथेच त्यांनी रक्तसाक्ष्य दिले. त्यांच्यासोबत प्राण अर्पण करणारा तरुण धर्मशिक्षक पेद्रो कालुंगसोद याला २०१२ साली संतपद देण्यात आले. त्यानंतरचा काळ संघर्षाचा आणि रक्तपाताचाही होता; परंतु कालांतराने ख्रिस्तश्रद्धा या लोकांच्या हाडीमासी भिनली. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनने हे बेट अमेरिकेच्या स्वाधीन केले.

८ डिसेंबर १९४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, राजधानी आगान्याच्या कॅथीड्रलमध्ये लोक मिस्साला जमले असतानाच जपानी विमानांनी बेटावर बॉम्ब टाकले. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अलीकडे हा ८ डिसेंबर होता. पलीकडे पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ७ डिसेंबर होता. दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, ग्वाम जपानच्या ताब्यात गेले. बेटावर तेव्हा सुमारे २२ हजार लोक राहत होते.

जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकन युद्धकैद्यांना, अमेरिकन कापुचिन धर्मगुरूंना आणि बिशप ओलानो यांनाही जपानला नेण्यात आले. मागे संपूर्ण बेटासाठी दोनच कॅथलिक धर्मगुरू उरले, दोघेही चामोरो: फादर हेसूस बासा दुएन्यास आणि फादर ऑस्कर काल्वो. फादर दुएन्यास तेव्हा तिशीतले होते. त्यांचा जन्म १९११ चा, गुरुदीक्षा १९३८ ची. दक्षिणेकडील इनारहान गावी त्यांचे वास्तव्य असे. ते स्वभावाने करारी होते. लोकांना वश करण्यासाठी जपानहून दोन कॅथलिक धर्मगुरू पाठवण्यात आले, तेव्हा धर्माचा असा वापर त्यांना मानवला नाही. आपण उत्तरदायी आहोत ते देवाला, आणि जपानी अधिकारी म्हणजे देव नव्हे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे ग्वाममध्ये अजूनही सांगितले जाते.

बेट पडले त्या वेळी अमेरिकन नौदलाचे सहा जण शरण न जाता रानात शिरले होते. पुढच्या वर्षभरात त्यांपैकी पाच जण सापडले आणि पाचही जणांना ठार करण्यात आले. उरला तो एकटा जॉर्ज ट्वीड, रेडिओ चालवणारा. त्याला शोधण्यासाठी जपान्यांनी बेट पिंजून काढले. ज्याच्यावर संशय आला त्याला मारहाण झाली, कित्येकांचे अनन्वित हाल झाले, काहींचे प्राण गेले. तरीही ट्वीड एका घरातून दुसऱ्या घरी, एका रानातून दुसऱ्या रानात सरकत राहिला. शेवटचे सुमारे एकवीस महिने आंतोनियो आर्तेरो नावाच्या कुटुंबवत्सल माणसाने त्याला उत्तरेकडील कड्याच्या एका कपारीत लपवून अन्न पुरवले. सापडला असता तर ट्वीडबरोबर आर्तेरोचे घरदारही संपले असते.

म्हणजे कयफाचा प्रश्न येथे रोज विचारला जात होता. एक परका नाविक जपान्यांच्या हवाली केला, तर गावोगावची मारझोड थांबेल. मग त्याला का वाचवायचे?

सेनापतींचा हिशेब

आता किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर चाललेला दुसरा हिशेब पाहू. बेटे जिंकण्याच्या युद्धाला एक क्रूर शिस्त असते. सैनिक जहाजातून आणायचे, प्रवाळाच्या खडकांची रांग ओलांडून त्यांना उथळ पाण्यात उतरवायचे आणि समोरून गोळ्या झाडणाऱ्या शत्रूच्या दिशेने चालत जायला सांगायचे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा येथे किनाऱ्यावरचा तोफमारा अपुरा पडला, ओहोटीच्या पाण्यात होड्या खडकावर अडल्या, आणि ७६ तासांच्या लढाईत हजाराच्या आसपास अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. त्या प्रसंगातून सेनापतींनी घेतलेला धडा सरळ होता: आधी अधिक तोफमारा, अधिक तयारी, अधिक राखीव सैन्य.

ग्वामवर उतरण्याचा दिवस प्रथम १८ जून १९४४ ठरला होता. परंतु १५ जूनला शेजारच्या सायपान बेटावर सुरू झालेली लढाई अपेक्षेपेक्षा फार बिकट निघाली. त्यातच जपानी आरमार चालून आले आणि १९ व २० जूनला फिलिपीन समुद्रात मोठी लढाई झाली. ग्वामसाठी निघालेले मरीन सैनिक जहाजांवरच अडकून राहिले. त्यांचा जहाजावरील मुक्काम दीड महिन्याहून लांबला. हवाईहून ७७ वी पायदळ डिव्हिजन येईपर्यंत थांबावे, असे ठरले. ८ जुलैपासून युद्धनौकांनी ग्वामच्या किनाऱ्यावर सलग तेरा दिवस तोफा डागल्या. पाणबुड्या जवानांनी पोहत जाऊन प्रवाळाच्या खडकांवर शत्रूने रचलेले शेकडो अडथळे सुरुंगांनी उडवले. अखेर २१ जुलै १९४४ रोजी जनरल रॉय गायगर यांचे सैन्य आसान आणि आगात या दोन किनाऱ्यांवर उतरले.

हे थांबणे लष्करी दृष्टीने योग्यच होते. बेटावर साडेअठरा हजारांच्या आसपास जपानी सैनिक होते. घाईने आणि अपुऱ्या बळाने उतरले असते तर तारावाची पुनरावृत्ती झाली असती. एवढी तयारी करूनही १० ऑगस्टला बेट जिंकल्याचे जाहीर होईपर्यंत सतराशेहून अधिक अमेरिकन मरण पावले आणि सुमारे सहा हजार जखमी झाले. महिनाभराच्या विलंबाने किती सैनिक वाचले याचे गणित सेनापती मांडू शकत होते, आणि ते मांडणे हे त्यांचे कर्तव्यही होते.

पण तोच महिना बेटावरील लोकांच्या वाट्याला कसा आला? अमेरिकन जहाजे क्षितिजावर दिसू लागली तसा जपानी अंमल अधिकच संशयी आणि निर्दय झाला. तटबंदीसाठी स्त्रीपुरुषांना वेठीला धरण्यात आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून हजारो लोकांना, म्हातारीकोतारी, गरोदर बायका, तान्ही मुले यांच्यासह, पावसाचिखलातून बेटाच्या अंतर्भागातील मानेंगॉनसारख्या छावण्यांकडे हाकत नेण्यात आले. अन्न नाही, निवारा नाही. जे चालू शकले नाहीत ते वाटेत पडले. दक्षिणेच्या मेरिसो गावातील तीस प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांना १५ जुलैला तिंता येथील गुहेत कोंडून त्यांच्यावर हातबॉम्ब टाकण्यात आले. त्यांतील सोळा जण मरण पावले. उरलेले प्रेतांखाली निपचित पडून वाचले. दुसऱ्या दिवशी फाहा येथे त्याच गावचे तीस धडधाकट पुरुष मारण्यात आले. त्यांतील एकही वाचला नाही. त्यांचा अपराध काय? काही नाही. आपल्या गावाला उठवू शकतील अशी ही माणसे होती, म्हणून ती अगोदरच नाहीशी करण्यात आली. प्रतिष्ठा आणि बळ असणे एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

याच दिवसांत फादर दुएन्यास आणि त्यांचे पुतणे एडवर्ड यांना इनारहान येथे पकडण्यात आले. ट्वीड कोठे आहे, हा त्यांना विचारलेला एक मुख्य प्रश्न होता. फादरांना ते ठाऊक होते, असे बहुतेक जण मानतात. दोघांचे अतोनात हाल करण्यात आले. पण त्यांच्या तोंडून काही निघाले नाही. बांधलेल्या अवस्थेत असताना त्यांना सोडवून नेण्याची तयारी काही चामोरो माणसांनी दाखवली होती, परंतु मागे राहणाऱ्यांवर सूड उगवला जाईल हे जाणून त्यांनी नकार दिला, असे सांगतात. १२ जुलै १९४४ च्या पहाटे ताई नावाच्या जागी काका-पुतण्याचा शिरच्छेद करण्यात आला. फादर दुएन्यास तेव्हा तेहतीस वर्षांचे होते.

आणि ट्वीड? तो दोनच दिवसांपूर्वी, १० जुलैला, कड्यावरून आरशाने आणि निशाणांनी खुणा करून एका अमेरिकन विनाशिकेवर पोहोचला होता. तो सुटला हे ना जपान्यांना ठाऊक होते, ना बंदिवासातील फादरांना.

मौन व्यर्थ गेले काय?

ही तारीख वाचली की मन थबकते. ज्याच्यासाठी तोंड मिटले तो तर केव्हाच समुद्रावर होता. फादर बोलले असते तरी ट्वीडचे काही बिघडले नसते. कदाचित त्यांचा आणि एडवर्डचा जीव वाचला असता. परिणामांच्या तराजूत घातले तर हे मौन निष्फळ ठरते.

परंतु हाच तराजू किती तोकडा आहे, हेही येथेच कळते. परिणाम कधीही माणसाच्या हाती पुरते नसतात. १२ जुलैच्या पहाटे फादर दुएन्यास यांच्यापुढे एवढाच प्रश्न होता, की दुसऱ्याचा जीव देऊन आपला जीव सोडवून घ्यावा काय? त्या प्रश्नाचे उत्तर ट्वीड कपारीत आहे की जहाजावर आहे यावर अवलंबून नव्हते. म्हणून त्यांचे मौन त्या दिवशी जेवढे खरे होते तेवढेच आजही आहे.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो सहजासहजी झटकून टाकता येणार नाही. ज्या आईचा मुलगा ट्वीडचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून मार खाऊन मेला, तिने काय म्हणावे? “त्या एका परक्या माणसासाठी माझे पोर का जावे?” असे ती म्हणाली, तर तिला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणाला आहे? युद्धानंतर ट्वीडविषयी ग्वाममध्ये कृतज्ञता होती तशीच कटुताही होती. लोकांचे हाल पाहून त्याने आपण होऊन पुढे यायला हवे होते, असे म्हणणारे कमी नव्हते.

पवित्र शास्त्रातही या आईच्या बाजूने बोलणारा एक प्रसंग सापडतो. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाविरुद्ध बंड करणारा शबा एका नगरात आश्रय घेतो. सेनापती यवाब नगराला वेढा घालतो, तेव्हा तेथील एक शहाणी स्त्री लोकांना समजावते, शबाचे शिर तटावरून फेकले जाते आणि नगर वाचते. यहुदी धर्मपंडितांनी या प्रसंगाचा शतकानुशतके खल केला. त्यांचा मूळ नियम असा, की शत्रूने “तुमच्यातला कोणीही एक द्या, नाहीतर सर्वांना मारू” असे म्हटले, तर एकालाही देऊ नये. शत्रूने विशिष्ट माणसाचे नाव घेतले असेल तर काय करावे, यावर मात्र मतभेद झाला. काहींच्या मते नाव घेणे पुरेसे. काहींच्या मते तो माणूस शबासारखा खरोखरच देहदंडाला पात्र असला पाहिजे. या दुसऱ्या मताने पाहिले तर ट्वीडचा अपराध काय होता? शरण न जाणारा सैनिक, एवढाच. आणि त्याला पकडून दिल्यावर काय होणार हे त्याच्या पाच साथीदारांच्या गतीवरून सर्वांना कळून चुकले होते.

ट्वीडने स्वतः पुढे यावे काय, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि येथे आपल्याला एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. १९४१ साली आउश्वित्झच्या छावणीतून एक कैदी पळाला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. त्यांतील एक जण बायकामुलांच्या आठवणीने कळवळला, तेव्हा फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी रांगेतून पुढे येऊन त्याची जागा मागून घेतली. १४ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. १९८२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. बाहेरून पाहता येथेही एकाच्या बदल्यात दुसरा वाचला. तरी कोल्बे आणि कयफा यांच्यात आकाशपाताळाचे अंतर आहे. कयफाने दुसऱ्याचा जीव दिला, कोल्बेंनी स्वतःचा. त्याग हा शब्द फक्त कर्त्यानेच स्वतःविषयी वापरायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या त्यागाला शास्त्रात वेगळे नाव आहे. म्हणून ट्वीड पुढे आला असता तर ते थोर ठरले असते. त्याला पुढे ढकलणे मात्र पाप ठरले असते. त्याच्याकडून ती थोरवी मागण्याचा हक्क कदाचित त्या आईला असेल. आपल्याला नाही.

सोसणे आणि वापरणे

मग सेनापतींचे काय? विलंबामुळे मेरिसोची माणसे मेली आणि तोफमाऱ्याने आगान्या शहर, कॅथीड्रलसह, उद्ध्वस्त झाले. म्हणजे तेही कयफाचेच वारस काय?

आम्हांला तसे वाटत नाही, आणि हा भेद नीट न केल्यास प्रत्येक जबाबदार माणसाला आपण खुनी ठरवू. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी लिहिताना एक सूत्र सांगितले, ते पुढे ख्रिस्ती नीतिशास्त्राने विस्ताराने मांडले. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूत धरलेला आणि दुसरा हेतूबाहेरचा. वाईट परिणाम हा चांगल्या परिणामाचे साधन नसेल, आणि दोहोंमध्ये योग्य प्रमाण असेल, तर तो जड अंतःकरणाने सोसता येतो. गायगर यांच्या सैन्याला मेरिसोच्या माणसांच्या मरणाचा काही उपयोग नव्हता. ती माणसे जगली असती तर मोहीम तितकीच, किंबहुना अधिक यशस्वी झाली असती. उलट, तिंताच्या गुहेत हातबॉम्ब टाकणाऱ्यांना त्या तीस जणांचे मरणच हवे होते. तेच त्यांचे साधन होते. पहिल्या ठिकाणी माणसाचे दुःख सोसले गेले, दुसऱ्या ठिकाणी माणूस वापरला गेला. शहरावरील तोफमाऱ्याला मात्र हे सूत्र अधिक कसोशीने लावावे लागते, कारण प्रमाणाचा प्रश्न तेथे सहज सुटत नाही. दैवाचा खेळ असा, की ज्या छावण्यांत लोकांना क्रूरपणे हाकलले होते त्या किनाऱ्यापासून दूर असल्यामुळेच अनेक जण तोफगोळ्यांपासून वाचले.

तथापि सोसणे आणि वापरणे यांतील सीमारेषा युद्धात फार वेगाने पुसली जाते. मारियाना बेटे कशासाठी जिंकली गेली? तेथील धावपट्ट्यांवरून जपानच्या मुख्य भूमीपर्यंत बॉम्बफेकी विमाने पोहोचू शकत होती म्हणून. वर्षभरातच ग्वाम, सायपान आणि तिनियन येथून उडालेल्या विमानांनी जपानची शहरेच्या शहरे जाळली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारी विमाने तिनियनहूनच निघाली होती. पुष्कळ जीव वाचावेत म्हणून हे केले, असे समर्थन देण्यात आले. येथे नागरिकांचे मरण हेतूबाहेरचे होते असे म्हणता येईल काय? शत्रूला शरण आणण्याचे तेच तर साधन होते. नागासाकीत आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली क्रूसावर प्राण दिले होते. त्याच शहराच्या उराकामी भागातील कॅथलिक समाज, छळाच्या अडीचशे वर्षांतही टिकलेला, एका सकाळी बव्हंशी नष्ट झाला. १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या कॅथलिक तत्त्वचिंतक बाईंनी उघड विरोध केला. निरपराध्यांना साधन म्हणून मारणे म्हणजे खून, आणि हेतू कितीही चांगला असला तरी त्याला दुसरे नाव नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या बाजूने फार थोडे लोक उभे राहिले. परंतु १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला. मुक्तिदाते म्हणून ज्या किनाऱ्यावर सैनिक उतरले, त्याच बेटांवरून कयफाची वही पुढे चालू राहिली, हे आपण विसरू नये.

मेंढपाळाच्या हिशेबात शत्रूही येतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. ग्वामवर जवळजवळ सर्व जपानी सैनिक मेले. युद्ध चालू असताना कैद झालेल्यांची संख्या पाचशेच्याही आत होती. शरण जाणे हा कलंक आहे, असे त्यांच्या मनावर बिंबवलेले होते. शोइची योकोई नावाचा एक सार्जंट बेटाच्या रानात बिळात लपून राहिला. जानेवारी १९७२ मध्ये तो दोन गावकऱ्यांच्या हाती लागला. सुमारे अठ्ठावीस वर्षे तो तेथेच लपून होता. त्याच्या राष्ट्राने त्याला केव्हाच वजा करून टाकले होते.

आपल्या वहीत

असे प्रसंग आपल्यावर येणार नाहीत, म्हणून हा विषय दूरचा वाटेल. पण कयफाची वही फक्त युद्धातच उघडते असे नाही. शहराला पाणी हवे म्हणून एखादे गाव उठवले जाते. घराण्याची अब्रू राखण्यासाठी एखाद्या मुलीला गप्प बसवले जाते. संस्थेचे नाव वाचावे म्हणून एखाद्या अन्यायग्रस्ताची तक्रार दडपली जाते. भावंडांची शिक्षणे व्हावीत म्हणून थोरल्या बहिणीचे आयुष्य न विचारता खर्ची पडते, आणि पुढे तिच्या त्यागाचे कौतुक होते. प्रत्येक ठिकाणी सांगणारा म्हणतो, “सर्वांच्या भल्यासाठी.”

सर्वांचे भले ही खोटी गोष्ट नव्हे. हिशेब न करणारा कुटुंबप्रमुख किंवा पंच हा निष्काळजी ठरेल. परंतु हिशेब करताना ग्वामच्या अनुभवातून तीन प्रश्न स्वतःला विचारता येतील. ज्याला झळ पोहोचणार आहे तो केवळ झळ सोसणारा आहे, की त्याची झळ हेच आपले साधन आहे? त्याला कोणी विचारले आहे काय? आणि किंमत मोजणाऱ्यांच्या रांगेत आपण स्वतः उभे आहोत काय? पहिल्या प्रश्नावर तिंताची गुहा आणि नागासाकी दोन्ही नापास होतात. दुसऱ्यावर आपले बरेचसे घरगुती निर्णय नापास होतात. तिसऱ्यावर कयफा नापास होतो, आणि फादर दुएन्यास व आंतोनियो आर्तेरो खरे उतरतात, कारण त्यांनी दुसऱ्याच्या जिवाचे मोल ठरवण्याआधी स्वतःचा जीव पुढे केला होता.

फादरांचे अवशेष मार्च १९४५ मध्ये सापडले आणि इनारहानच्या चर्चमध्ये त्यांना समाधी मिळाली. १९४८ पासून त्यांच्या नावाची शाळा ताईच्या परिसरात चालू आहे. आसानच्या किनाऱ्याकडे पाहणाऱ्या टेकडीवर एक स्मारकभिंत आहे. तिच्यावर मृत अमेरिकन सैनिकांची नावे आहेत, तशीच त्या काळात मरण पावलेल्या आणि हाल सोसलेल्या हजारो चामोरो माणसांचीही आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ती सारी आकड्यांत मावतात: मृत इतके, जखमी इतके, बेघर इतके. आम्हीही या लेखात तेच आकडे वापरले, कारण त्यांवाचून हकिगत सांगता येत नाही. परंतु भिंतीवर ती माणसे एकेक करून, नावानिशी उभी आहेत. कोणताही निर्णय घेताना वहीतला आकडा पुसून त्या जागी एक नाव लिहून पाहावे. आणि ते नाव लिहिताना हात थांबला, तर तो का थांबला याचा विचार निर्णयाच्या आधी करावा.